देशाचे कार्बन लक्ष्य जिल्ह्यात उतरवताना : नागपूरच्या हिशेबाच्या सात पायऱ्या

जिल्ह्याचा हवामान कृती आराखडा करायला मंडळी बसली की पहिल्याच बैठकीत लक्ष्य ठरते. कुणीतरी ‘२०३० पर्यंत ४५ टक्के घट’ म्हणतो, ते इतिवृत्तात जाते आणि पुढचे सहा महिने त्या आकड्याला आधार शोधण्यात जातात. महापालिका एलईडी दिव्यांची यादी देते, वनविभाग रोपांची, महाऊर्जा सौर पंपांची, परिवहन कार्यालय ई-वाहनांची. सगळ्यांची बेरीज केली की कार्बनचे काही टन दोनदा मोजले गेलेले असतात, काही कोणीच मोजलेले नसतात, आणि जिथून सर्वाधिक धूर निघतो ती संस्था बैठकीला आलेलीच नसते.

चूक क्रमाची आहे. आधी कोणता टन कोणाच्या खात्यावर, ते ठरवायचे. मग त्या खात्याची कळ कोणाच्या हातात आहे, ते. मग आकडे. लक्ष्य त्यानंतर. हा लेख जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, नगरपरिषदा, औद्योगिक संघटना आणि त्यांच्यासाठी अहवाल लिहिणारे सल्लागार, या सगळ्यांसाठी आहे. उदाहरणे नागपूरची आहेत, पण चंद्रपूर किंवा जळगावलाही क्रम हाच लागेल.

## सुरुवातीची तयारी

आदेश पदनामाने काढा, नावाने नाही. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि ‘साहेबांना माहीत होते’ असलेली माहिती त्यांच्याबरोबर जाते. प्रत्येक विभागातून एक पद आणि त्याखाली आकडे प्रत्यक्ष काढणारा एक कर्मचारी, अशी जोडी आदेशात असू द्या. बैठकीला पद येते, फाइल कर्मचारी शोधतो.

केंद्रीय संस्थांना पत्र वेगळे. वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि, कोळसा खाणी चालवणारी केंद्राची कंपनी), रेल्वे आणि तेल कंपन्या जिल्हाधिकाऱ्यांना उत्तरदायी नाहीत. वेकोलिचे मुख्यालय नागपुरातच आहे, म्हणून आकडे लवकर मिळतील असे समजू नका. विभागीय आयुक्त किंवा राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागामार्फत पत्र जाऊ द्या. त्यात कोणत्या वर्षाचे, कोणत्या एककात आणि कोणत्या तालुक्याचे आकडे हवेत, ते नमुना तक्त्यासह लिहा. ‘उत्सर्जनाबाबत माहिती मिळावी’ अशा पत्राला ‘निरंक’ हेच उत्तर येते.

वर्ष एप्रिल ते मार्च धरा. महावितरणची वीज, कारखान्यांचे ताळेबंद, पालिकेचा खर्च हे सगळे आर्थिक वर्षात असते. एखादी संस्था जानेवारी ते डिसेंबर असे आकडे देत असेल तर मासिक आकडे मागून तुम्ही जुळवा.

वेळापत्रक. मागील वर्षाचे आकडे एप्रिल-मेमध्ये मागायला सुरुवात करा, सप्टेंबरपर्यंत गोळा करा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताळा घ्या. डिसेंबरात बैठक लावू नका. हिवाळी अधिवेशनात निम्मे अधिकारी विधान भवनात आणि उरलेले त्यांना माहिती पुरवण्यात गुंतलेले असतात.

> तपासणी : आदेशात महानिर्मिती (राज्याची वीजनिर्मिती कंपनी), वेकोलि, रेल्वे आणि तेल कंपन्यांचे समन्वयक आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका. त्यांच्याशिवाय होणारा आराखडा दिवे आणि झाडांचाच होतो.

## पायरी १ : सीमा आखा, आणि दोन स्तंभ करा

नागपुरात ही पायरी सगळ्यात अवघड आहे. निम्मे आराखडे इथेच फसतात.

कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे महापालिकेच्या हद्दीबाहेर, पण जिल्ह्यात आहेत. महापालिकेची हद्द धरली तर या मोठ्या चिमण्या हिशेबाबाहेर जातात आणि शहर कागदावर स्वच्छ दिसते. जिल्ह्याची हद्द धरली तर बाकी सगळे किरकोळ दिसू लागते. कोराडीतले ६६० मेगावॉटचे तीन संच म्हणजे १,९८० मेगावॉट. ते वर्षभर सरासरी ७० टक्के भाराने चालले आणि दर मेगावॉट-तासाला ०.९ टन वायू निघाला असे मानू या. वर्षाला १ कोटी टनांच्या वर आकडा जातो. त्यात १ टक्का फरक म्हणजे लाखभर टन. शहराने दिवे बदलून वर्षाला १० लाख युनिट वाचवले तर साधारण ७०० टन वाचतात.

पण ही वीज एकट्या नागपूरची नाही, ती राज्याच्या वीज जाळ्यात (ग्रिडमध्ये) जाते. नागपूरकर वापरतात ती वीजही एकट्या कोराडीची नसते. म्हणून दोन स्तंभ ठेवा.

स्तंभ अ, भूभागाचा : जिल्ह्याच्या हद्दीत प्रत्यक्ष जे जळते, कुजते, गळते ते सगळे. वीज केंद्रांचा कोळसा इथे.

स्तंभ ब, वापराचा : हद्दीतले उद्योग, घरे, पंप, मेट्रो आणि दिवे वापरतात त्या विजेमागचे उत्सर्जन, आणि त्याखाली वीज केंद्रे सोडून बाकी सगळे स्थानिक ज्वलन.

या दोन स्तंभांची बेरीज कधीही करू नका. केली तर तीच वीज एकदा चिमणीपाशी आणि एकदा मीटरपाशी मोजली जाते. शहरांच्या मोजणीसाठी जगभर वापरली जाणारी जीपीसी पद्धतही जाळ्याला वीज पुरवणाऱ्या केंद्राचे उत्सर्जन वेगळे दाखवते आणि शहराच्या मूळ बेरजेत धरत नाही. कारण हेच.

महापालिका, प्रत्येक नगरपरिषद आणि प्रत्येक एमआयडीसी यांना स्तंभ ब-मध्ये उपखाते द्या. बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वर यांना एकाच ‘उद्योग’ शीर्षाखाली टाकू नका. प्रत्येक ठिकाणचे इंधन आणि उद्योग वेगळे आहेत, उपायही वेगळे निघतील.

> सावधान : उमरेड किंवा सावनेरच्या खाणीतून निघालेला कोळसा दुसऱ्या जिल्ह्यात जळत असेल, तर त्याच्या ज्वलनाचे उत्सर्जन तुमचे नाही. खाणीतून सुटणारा मिथेन आणि खाणीतल्या डंपरचे डिझेल मात्र तुमचे आहे. खाण-जिल्ह्यांच्या अहवालांत नेमके उलटे लिहिलेले सापडते.

## पायरी २ : प्रत्येक खात्याची कळ कोणाच्या हातात

सीमा ठरली की प्रत्येक स्रोतापुढे तीन रकाने भरा : आकडे कोण देणार, नियम कोण करतो, खर्च कोण करतो. बऱ्याचदा तीन रकान्यांत तीन वेगळी नावे येतात. समन्वयाचे खरे काम तिथे आहे.

वीज हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्र कायदा करते, राज्य वीज नियामक आयोग दर आणि अटी ठरवतो, महानिर्मिती वीज केंद्र चालवते. कोणता संच कधी चालवायचा किंवा बंद करायचा, हे जिल्हा ठरवू शकत नाही. त्यामुळे आराखड्यात ‘कोराडीचे उत्सर्जन ३० टक्के कमी करू’ असे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून खर्च मांडणे. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच प्रस्तावित आहेत. त्याचा परिणाम स्तंभ अ-मध्ये स्वतंत्र ओळीत दाखवा आणि निर्णय राज्याचा आहे हेही तिथेच लिहा.

जिल्ह्याच्या हातात काही धागे आहेत. औष्णिक केंद्रांनी कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळाव्यात, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचे धोरण आहे. हे प्रमाण आधी ५ आणि पुढे ७ टक्के ठेवले गेले. विदर्भात कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या शेतातच पेटवल्या जातात. त्या गोळा करून गोळ्या बनवणारा कारखाना उभा राहणे, त्याला जागा आणि वाहतूक मिळणे हे कृषी विभाग, जिल्हा परिषद आणि उद्योग केंद्र मिळून करू शकतात. दिल्लीत ठरलेले प्रमाण काटोल-नरखेडच्या बांधापर्यंत आणण्याची ही कळ जिल्ह्याच्या हातातली आहे.

मोठ्या कारखान्यांवर थेट केंद्राचे नियम लागतात. ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायदा २०२२ मध्ये झाला आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिची प्रशासक संस्था ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांसाठी तीव्रतेची, म्हणजे उत्पादनाच्या एककामागच्या उत्सर्जनाची, लक्ष्ये अधिसूचित झाली. योजनेच्या आखणीत पोलाद, खते, तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायने आणि वस्त्रोद्योगही आहेत. तुमच्या हद्दीतला कारखाना यादीत आहे का, ते राजपत्रातूनच पाहा, बातमीवरून नाही. औष्णिक वीज केंद्रे या योजनेच्या बाहेर आहेत, हेही लक्षात असू द्या. ‘कोराडीला कार्बन क्रेडिट विकत घ्यावे लागेल’ असे बैठकीत कोणी म्हणाले की तिथेच थांबवा.

लहान उद्योग, घरे, पाणीपुरवठा, कचरा, सांडपाणी, रस्त्यावरचे दिवे, शहर बस आणि बांधकाम परवानगी ही पालिकेची आणि राज्याची खाती. शेती, पशुधन आणि कृषिपंप यांत कृषी विभाग, पशुसंवर्धन आणि महावितरण. ही यादी तुम्ही सहज कराल, इथे वाढवत नाही.

> तपासणी : ज्या ओळीत ‘नियम’ आणि ‘खर्च’ हे दोन्ही रकाने जिल्ह्याबाहेरचे आहेत, तिथे लक्ष्य लिहायचे नाही. तिथे ‘मागणी’ किंवा ‘शिफारस’ असा वेगळा शिक्का मारा.

## पायरी ३ : आकडे गोळा करा, पण कुठून ते नीट ठरवा

कारखान्यांचे इंधन. बहुतेक जण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातला इंधनाचा आकडा उचलतात. तो परवानगीचा, म्हणजे कमाल आकडा असतो. कारखाना निम्म्या क्षमतेने चालला तरी संमतीपत्र तेच म्हणते. प्रत्यक्ष वापराच्या जवळ जायचे असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र पाहा. त्याला बाष्पके संचालनालयाच्या नोंदणीची जोड द्या, म्हणजे कोणाकडे बॉयलर आहे आणि तुमच्या यादीतून कोण सुटले ते कळते. लहान बॉयलरमध्ये आज कोळसा, उद्या भुसा, परवा लाकूड असे चालते. इंधनाचा प्रकार विचारल्याशिवाय टनांना अर्थ नाही.

कारखानदार उत्पादनाचा आकडा द्यायला कचरतात, आणि त्यात गैर काही नाही. जिल्ह्याच्या खात्यासाठी इंधन आणि वीज पुरते, उत्पादन मागू नका. औद्योगिक संघटनेमार्फत एकत्रित आकडा घ्या. मात्र एखाद्या वसाहतीत एका क्षेत्राचा एकच मोठा कारखाना असेल तर ‘एकत्रित’ आकडाही त्याचाच असतो. तिथे शेजारच्या वसाहतीबरोबर जोडून छापा.

डिझेल आणि पेट्रोल. तेल कंपन्या पंपनिहाय विक्री देतात, वापर नाही. नागपुरातून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग जातात, वर समृद्धी आहेच. वाडी, बुटीबोरी, कामठी रस्त्यावर टाकी भरणारा ट्रक ते डिझेल रायपूर किंवा हैदराबादच्या वाटेवर जाळतो. महामार्गावरचे पंप आणि शहरातले पंप वेगळे करा. पहिल्यांचा आकडा स्तंभ अ-मध्ये ‘महामार्ग वाहतूक’ म्हणून स्वतंत्र ओळीत ठेवा आणि शहराच्या वाहतूक लक्ष्याला तो जोडू नका.

वीज. महावितरणकडून ग्राहक-वर्गनिहाय विक्री घ्या. खुल्या प्रवेशातून (महावितरणऐवजी थेट दुसऱ्या पुरवठादाराकडून) आणि स्वतःच्या सौर संचातून वापरलेली वीज त्यात येत नाही, ती उद्योगांकडून वेगळी मागा. वहनातली गळती धरायची की नाही ते एकदाच ठरवा आणि दरवर्षी तसेच करा.

कचरा आणि सांडपाणी. भांडेवाडीला रोज किती टन कचरा पोहोचतो, एवढ्याने मिथेनचा हिशेब होत नाही. ओला कचरा किती, किती वर्षे साचलेला आहे, किती ढीग उपसून वेगळा केला, हे लागते. साचलेला कचरा वर्षानुवर्षे मिथेन सोडत राहतो, त्यामुळे आज नवा कचरा थांबला तरी उद्या आकडा शून्य होत नाही.

भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वीज केंद्राला दिले जाते आणि प्रत्येक सादरीकरणात ते कार्बन कपातीत मांडले जाते. त्यातून वाचते ते गोडे पाणी. कार्बन वाचतो का, हे दोन्ही मार्गांच्या पंपांची वीज तोलल्यावरच सांगता येईल. पाण्याच्या रकान्यात त्याला मानाने बसवा, टनांत आणू नका.

शेती. पशुगणना, युरियाची विक्री आणि धानाखालचे क्षेत्र, एवढ्याने मोठा भाग येतो. धान रामटेक-मौदा पट्ट्यात आहे, तिथे पाणी सतत भरलेले असते की मधे सुकवतात, ते विचारा. मिथेनचा फरक त्यावर पडतो.

## पायरी ४ : टनांत आणा, एकाच गुणकपत्रकातून

एक स्वतंत्र पत्रक करा, त्यात सगळे गुणक (एक लिटर इंधन किंवा एक युनिट विजेमागे किती उत्सर्जन, ते आकडे) लिहा आणि ते कुलूपबंद ठेवा. प्रत्येक विभागाने आपल्या सल्लागाराकडून गुणक आणला तर त्या बेरजेला अर्थ नाही.

रोज लागणारे काही गुणक :

- डिझेल : १ लिटर = सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड
- पेट्रोल : १ लिटर = सुमारे २.३ किलो
- एलपीजी : १ किलो = सुमारे ३ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरला ४२-४३ किलो
- जाळ्यातली वीज : १ युनिट = सुमारे ०.७ किलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या जाळ्याचा गुणक प्रसिद्ध करते, तोच घ्या.
- मिथेन : १ टन = २८ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा, आणि नायट्रस ऑक्साइड : १ टन = २६५ टन, आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या पाचव्या अहवालानुसार

जुन्या अहवालांत मिथेनचा गुणक २१ किंवा २५ दिसेल. तुलना करायची तर जुना आकडाही २८ ने पुन्हा मांडा, नाहीतर गोठ्यात एक गाय न वाढता उत्सर्जन ‘वाढलेले’ दिसते.

कोळशाला सरसकट एक गुणक लावू नका. प्रत उष्मांकावर ठरते : जी-११ म्हणजे किलोला ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी, जी-५ म्हणजे ५,८०० ते ६,१००. टनामागचे उत्सर्जनही त्याच प्रमाणात बदलते. पुरवठ्याच्या बिलावर प्रत असते, ती मागून घ्या. भुसा, पऱ्हाटी, लाकूड यांचा कार्बन डायऑक्साइड बेरजेबाहेर, पण तळटीप म्हणून दाखवायचा असतो. त्यांतून निघणारा मिथेन मात्र बेरजेत येतो.

> सावधान : १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास. १,००० युनिट म्हणजे १ मेगावॉट-तास. किलो आणि टन, युनिट आणि मेगावॉट-तास यांच्या गोंधळात आकडा थेट हजारपट चुकतो, आणि छापून आल्यावर कळतो.

> ताळा : एका स्रोताचा आकडा दोन बाजूंनी काढा. उदाहरणार्थ, शहर बसचे डिझेल आगाराच्या खरेदीवरून आणि धावलेल्या किलोमीटरवरून. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर पुढे जाण्याआधी कारण शोधा.

## पायरी ५ : देशाची लक्ष्ये जिल्ह्याच्या भाषेत आणा

पहिल्या बैठकीतला ‘४५ टक्के’ आता हातात घ्या.

भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये पॅरिस कराराखालचे सुधारित राष्ट्रीय योगदान, म्हणजे देशाचे हवामान वचन, सादर केले. त्यात २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य आहे. ही तीव्रतेतली घट झाली, एकूण टनांतली नाही. देशाने २००५ ते २०२० दरम्यान तीव्रता ३६ टक्क्यांनी घटवल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे, आणि त्याच काळात एकूण उत्सर्जन वाढले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कारखान्याच्या पातळीवर हेच कसे दिसते ते पाहा. मानू या, एक कारखाना वर्षाला १ लाख टन माल काढतो आणि टनामागे ०.८० टन उत्सर्जन करतो. एकूण ८०,००० टन. त्याला ०.७६ चे लक्ष्य मिळाले आणि ते त्याने गाठले, पण उत्पादन १ लाख १० हजार टनांवर गेले. आता एकूण ८३,६०० टन. कारखान्याने नियम पाळला, तीव्रता ५ टक्क्यांनी उतरली, आणि तुमच्या स्तंभातले टन साडेचार टक्क्यांनी वाढले. तो ०.७४ वर गेला तर २,२०० क्रेडिट (टनाला एक) त्याला विकता येतील. ०.७८ वरच राहिला तर तेवढीच विकत घ्यावी लागतील, आणि न घेतल्यास क्रेडिटच्या सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरणीय भरपाई.

म्हणून उद्योगांसाठी लक्ष्य दोन ओळींत लिहा : तीव्रतेची ओळ, जी केंद्राने दिली आहे, आणि अपेक्षित उत्पादनवाढ धरून एकूण टनांची ओळ, जी तुम्ही काढायची आहे. एकच ओळ लिहिली की उद्योग संघटना आणि पर्यावरण विभाग वेगवेगळ्या आकड्यांवर भांडत बसतात, आणि दोघेही बरोबर असतात.

दुसरा नेहमीचा घोळ क्षमता आणि निर्मितीचा. ‘५० टक्के वीज स्वच्छ झाली’ हे वाक्य २०२५ पासून सर्रास ऐकू येते. बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला तो स्थापित क्षमतेत. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे. तुमच्या हिशेबाला निर्मिती लागते, म्हणून गुणक अजून ०.७ च्या घरात आहे.

आधारवर्षाचे म्हणाल तर २००५ चे विश्वासार्ह जिल्हानिहाय आकडे तयार करण्यात वेळ घालवू नका. २०२०-२१ टाळेबंदीमुळे निरुपयोगी, ते धरले तर पुढचे प्रत्येक वर्ष वाईट दिसेल. २०२३-२४ घ्या. पहिल्या चार क्षेत्रांच्या कार्बन बाजार लक्ष्यांसाठी केंद्राने आधारवर्ष तेच धरले आहे, त्यामुळे जुळवणीची डोकेदुखी कमी होते.

लक्ष्य ठरवताना खालून वर जा. पायरी २ मध्ये ज्यांची कळ जिल्ह्याच्या हातात आहे तेवढ्याच स्रोतांतून २०३० पर्यंत किती टन कमी होतील ते जोडा. तो आकडा एकूण उत्सर्जनाच्या मानाने लहान येईल. येऊ द्या.

## पायरी ६ : उपायांचा क्रम, आणि एका टनाचे दोन मालक

उद्योगांत क्रम असा ठेवा : आधी गळती, मग कार्यक्षमता, मग इंधनबदल, मग हरित वीज. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात नादुरुस्त स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारी झडप), उघडे वाफेचे पाइप आणि गटारात जाणारे गरम कंडेन्सेट (वाफेचे झालेले पाणी) तसेच ठेवून छतावर सौर पॅनल चढवले जातात. पॅनल फोटोत येतात, स्टीम ट्रॅप येत नाहीत. आधी वापर कमी केला तर सौर संचही लहान लागतो आणि कर्जही.

हरित वीज घेण्यासाठी २०२२ च्या नियमांनी खुल्या प्रवेशाची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळे हिंगण्याचे मध्यम उद्योगही यात येऊ शकतात. प्रस्ताव करताना फक्त युनिटचा दर पाहू नका, वहन आकार आणि अधिभार धरून घरपोच दर काढा.

आता मालकीचा प्रश्न. छतावरच्या सौर विजेचा हरित गुण कोण मोजणार? नेट मीटरिंगमध्ये (जादा सौर वीज जाळ्यात देऊन बिलातून वजा करण्याच्या सोयीत) ग्राहकावर ठरावीक अक्षय वीज वापरण्याचे स्वतःचे बंधन नसेल तर ती वीज महावितरणच्या तशाच बंधनात धरली जाऊ शकते. कारखान्याने या हरित गुणाचे प्रमाणपत्र विकले असेल तर ते घेणाऱ्याचे झाले. पालिका, महाऊर्जा, महावितरण आणि कारखाना असे चौघे एकाच पॅनलवर दावा करत असतील तर स्तंभ ब-मध्ये ते एकदाच लिहा, आणि कोणाच्या नावे ते करार पाहून ठरवा.

ई-बसचे गणित स्वतः करून पाहा. मानू या, डिझेल बस लिटरला ३.५ किलोमीटर धावते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ०.७७ किलो. ई-बस किलोमीटरला १.२ युनिट खाते, म्हणजे जाळ्याच्या विजेवर सुमारे ०.८४ किलो. शहराचा धूर नक्की कमी होतो, आवाजही. पण टन शहरातून उठून कोळशाच्या चिमणीकडे जातात. आगारासाठी सौर किंवा पवन विजेचा करार केला तर चित्र पालटते. म्हणून ई-बसचा प्रस्ताव आणि विजेचा करार एकाच फाइलवर न्या. तुमच्या आगाराचे खरे आकडे घालूनच निष्कर्ष काढा, वातानुकूलित डिझेल बस बरीच जास्त पिते.

झाडांबाबत एवढेच : रोपांची संख्या म्हणजे टन नव्हेत. जगलेली झाडे आणि त्यांची वार्षिक वाढ एवढेच मोजा. जुन्या जंगलात साठलेला कार्बन हा साठा आहे, दरवर्षीची कपात नाही. पेंचचे सगळे जंगल एका वर्षाच्या खात्यात टाकलेला तक्ता दिसला तर परत पाठवा.

> सावधान : राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातला निधी धूलिकणांसाठी असतो. रस्ते झाडण्याच्या यंत्राने धूळ कमी होते, कार्बन नाही. तसेच राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाचे गुण ही कामगिरीची स्पर्धा आहे, उत्सर्जनाची मोजणी नाही. गुण वाढले म्हणून टन कमी झाले असे लिहू नका.

## पायरी ७ : पैसा, निविदा आणि दरवर्षीची मोजणी

प्रत्येक उपायापुढे लेखाशीर्ष लिहा. जिल्हा वार्षिक योजना, पालिकेचा अर्थसंकल्प, केंद्राची योजना किंवा खाणपट्ट्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान, यांपैकी एकही नाव नसेल तर तो उपाय ‘इच्छा’ या यादीत टाका. जिल्हा वार्षिक योजनेचे प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या बरेच आधी जातात. मार्चमध्ये आराखडा मंजूर करून त्याच वर्षी पैसे मागितले तर उत्तर ठरलेले आहे.

उमरेड, सावनेर, कामठी भागात खाण बंद झाल्यावर रोजगाराचे काय, हा प्रश्न आराखड्यात आता घ्या. खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून कौशल्य आणि उपजीविकेची कामे करता येतात, पण ती खाण चालू असतानाच सुरू व्हावी लागतात. बंद झाल्यावर स्वामित्वधनाबरोबर हा निधीही आटतो.

निविदेत मोजणीची अट घाला. दिवे बदलले तर फीडरवर मीटर, पंप बदलले तर आधी आणि नंतर प्रति हजार लिटर किती युनिट. कंत्राटदाराचे ‘अंदाजे ४० टक्के बचत’ हे वाक्य देयकाला जोडलेले पुरेसे धरू नका.

दरवर्षीच्या मोजणीत गुणक दोन रीतींनी वापरा. जिल्ह्याच्या एकूण हिशेबाला त्या वर्षाचा वीज गुणक लावा. पण तुमच्या उपायांनी किती वाचवले हे काढताना आधारवर्षाचाच गुणक ठेवा. राजस्थानात सौर प्रकल्प वाढून जाळे स्वच्छ झाले, तर ती घट नागपूरच्या एलईडीच्या नावावर जमा होऊ नये. उलट देशात कोळसा जास्त जळाला त्या वर्षी तुमची चांगली कामगिरी झाकलीही जाऊ नये.

आकडा नंतर चुकीचा निघाला तर त्या एका वर्षाचा दुरुस्त करून थांबू नका. आधारवर्षापासून सगळी वर्षे नव्या पद्धतीने पुन्हा मांडा, काय बदलले आणि का, ते एका पानात लिहा आणि जुने पत्रक तारखेसह जपून ठेवा. नवीन अधिकारी रुजू झाले की पहिला प्रश्न ‘मागच्या अहवालात वेगळा आकडा का?’ हाच असतो. ते पान त्यांच्यासमोर ठेवा, आणि त्याच दिवशी गुणकपत्रकाचा पासवर्ड त्यांच्या पदनामाने सुपूर्द करून पोच घ्या.